'चेस' आणि 'चतुरंग' : स्मरणिकेतील एका वाक्याची तपासणी

प्रकरण एका वाक्याचे आहे. ओळखीच्या एका बुद्धिबळ मंडळाने वार्षिक स्पर्धेच्या निमित्ताने छोटी स्मरणिका काढायचे ठरवले आणि तिची मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे आले. खेळाच्या इतिहासावरील पहिल्याच लेखात असे वाक्य होते : "इंग्रजीतील 'चेस' हा शब्द म्हणजे आपल्या 'चतुरंग' या संस्कृत शब्दाचाच अपभ्रंश होय." मी समासात प्रश्नचिन्ह केले. लेखक निवृत्त शिक्षक, वयाने आणि व्यासंगाने माझ्यापेक्षा मोठे. त्यांनी फोन करून विचारले, "अहो, खेळ आपला आहे हे तर तुम्हालाही मान्य आहे ना? मग त्याचे नाव परक्याचे कसे असेल?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून त्या वाक्याची जी तपासणी केली, तिचे हे टिपण आहे.

त्या एका वाक्यात दोन विधाने एकमेकांत मिसळली होती. खेळ भारतात जन्मला हे एक, आणि इंग्रजी नाव संस्कृत नावापासून निघाले हे दुसरे. पहिले खरे असले तरी त्यामुळे दुसरे आपोआप खरे ठरत नाही, कारण वस्तू एका वाटेने जाते आणि तिचे नाव पुष्कळदा वाटेत बदलते. म्हणून दोन्ही विधाने वेगवेगळी तपासायचे आम्ही ठरवले.

चतुरंग : आधी सैन्य, मग खेळ

'चतुरंग' हे मुळात खेळाचे नाव नाही. ज्याला चार अंगे आहेत ते चतुरंग, आणि ही अंगे सैन्याची. अमरकोशात ती एका ओळीत मोजून दिली आहेत : 'हस्त्यश्वरथपादातं सेनाङ्गं स्याच्चतुष्टयम्'. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. महाभारतात चतुरंग सेनेचा उल्लेख येतो तेव्हा तो रणांगणावरच्या सैन्याचा असतो, पटावरच्या नव्हे. दुसरीकडे, आठ गुणिले आठ घरांचा पट या देशात फार जुना आहे. त्याला 'अष्टापद' म्हणत आणि पतंजलीच्या महाभाष्यातही हा शब्द आला आहे. सैन्याची चार अंगे आणि चौसष्ट घरांचा पट या दोन जुन्या गोष्टी एकत्र आल्या तेव्हा आपला खेळ तयार झाला.

त्या एकत्र येण्याची खूण बाणभट्टाच्या हर्षचरितात, म्हणजे सातव्या शतकात सापडते. हर्षाच्या राज्यात किती सुव्यवस्था होती हे सांगताना बाण श्लेषांची माळ गुंफतो आणि त्यात 'अष्टापदानां चतुरङ्गकल्पना' असे म्हणतो. 'कल्पना' म्हणजे रचना आणि 'कल्पना' म्हणजे कापणेही. हात-पाय अशी चार अंगे तोडण्याची शिक्षा या राज्यात कोणाला होत नव्हती, 'चतुरंगकल्पना' आढळायची ती केवळ अष्टापदाच्या पटावर, असा त्याचा आशय आहे. वाचकाला पटावरचा चतुरंग परिचित नसता तर हा श्लेष फुकट गेला असता. शब्दाच्या इतिहासात मला अशा ओळी फार मोलाच्या वाटतात. ग्रंथकार माहिती देण्यासाठी लिहीत नसतो, आणि म्हणूनच त्याची साक्ष विश्वासार्ह ठरते.

पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये या खेळाचे वर्णन येते, आणि सतराव्या शतकात मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टाने काशीत लिहिलेल्या 'नीतिमयूखा'तही ते येते. खेळ आपला आहे हे शिक्षकांचे पहिले विधान त्यामुळे निर्वेध राहिले.

'त' आणि 'र' यांची खूण

आता नावाचा प्रवास. सासानी काळातील इराणी भाषेला, म्हणजे पहलवीला, 'चतुरंग' हा शब्द जवळजवळ जसाच्या तसा मिळाला. तिथे तो 'चत्रंग' झाला. एका छोट्या पहलवी ग्रंथात याची कथा आहे. देवशर्म नावाच्या भारतीय राजाने इराणचा सम्राट खुस्रो अनोशिरवान (राज्यकाळ इ. स. ५३१ ते ५७९) याच्याकडे सोळा पाचूच्या आणि सोळा माणकांच्या सोंगट्यांचा हा खेळ कोडे म्हणून पाठवला आणि खुस्रोचा मंत्री बुझुर्गमिहर याने ते उलगडले. कथेतला चमत्काराचा भाग सोडून दिला तरी एक गोष्ट उरते : इराणी लोक स्वतःच सांगत होते की हा खेळ हिंदुस्थानातून आला.

सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकले आणि खेळ त्यांच्याकडे गेला. अरबीत 'च' नाही आणि 'ग'ही नाही. त्यामुळे 'च'च्या जागी 'श' आला, 'ग'च्या जागी 'ज' आला आणि 'चत्रंग'चा 'शतरंज' झाला. हिंदी आणि गुजराती भाषांनी हेच रूप परत घेतले. म्हणजे आपलाच शब्द अरबी पेहराव करून घरी आला.

अरबांबरोबर तो स्पेनमध्येही गेला. अरबी उपपद 'अश्' त्याला चिकटलेलेच राहिले. 'अश्-शतरंज'चे जुन्या स्पॅनिशमध्ये 'असेद्रेश' झाले आणि आज ते 'अखेद्रेथ' आहे. स्पेनमधील कास्टिलचा राजा दहावा आल्फोन्सो याने १२८३ मध्ये खेळांवरचा जो सचित्र ग्रंथ सिद्ध करवून घेतला, त्यात या खेळाला पहिला मान आहे आणि नाव हेच आहे. पोर्तुगीजांनी ते 'शद्रेश' असे केले. गोव्यावर १५१० पासून १९६१ पर्यंत ज्यांचे राज्य होते त्यांच्या भाषेतले खेळाचे नाव अशा रीतीने 'चतुरंग'चेच वंशज होते. जमिनीच्या वाटेने पश्चिमेला गेलेला शब्द जहाजातून कोकणपट्टीवर उतरला होता.

या वंशाच्या शाखा आणखी आहेत. बायझंटाइन ग्रीकमध्ये 'झात्रिकिओन', मंगोलियात 'शतर', मलय आणि इंडोनेशियन भाषांत 'चातुर', जॉर्जियात 'चाद्राकी'. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी महिलांचा विश्वचषक जिंकला तो जॉर्जियातील बातुमी या शहरात. ज्या भाषेच्या प्रदेशात तो जिंकला गेला तिथे खेळाच्या नावात 'चतुरंग' अजून ऐकू येतो. दक्षिणेतील तमिळ, मल्याळम, कन्नड आणि तेलुगू या भाषांमध्ये तर तो उघडच आहे.

ही सगळी रूपे एका कागदावर खाली खाली लिहिल्यावर शिक्षकांच्याच ते लक्षात आले. सुरुवातीचा 'च' बदलतो, शेवटचा 'ग' गळतो किंवा बदलतो, पण मधला 'त' (किंवा त्याचा 'द') आणि त्याच्या पाठोपाठचा 'र' कोणत्याही रूपातून जात नाही. चत्रंग, शतरंज, अखेद्रेथ, शद्रेश, झात्रिकिओन, शतर, चातुर, चाद्राकी. हे लक्षात आले की 'चेस' वेगळा पडतो. त्यात 'त' नाही आणि 'र'ही नाही. केवळ पहिला 'च' सारखा आहे, आणि तो 'च' फसवा आहे हे पुढे दिसेल.

शाह या शब्दाची वाट

खेळात राजाला 'शाह' हे नाव इराणात मिळाले. राजावर हल्ला झाला की खेळणारा 'शाह!' असे म्हणून समोरच्याला सावध करी. ज्याला भाषा येत नाही, नियम पुरते ठाऊक नाहीत, अशा पाहणाऱ्याच्या कानावर पटाशेजारी सर्वांत जास्त वेळा पडणारा शब्द हाच असणार. युरोपात मग तोच पसरला. लॅटिन लिहिणाऱ्यांकडे 'श'साठी अक्षर नव्हते, म्हणून त्यांनी 'स्क' लिहिले. शेवटचा 'ह' त्यांच्या तोंडी कठोर होऊन 'क' झाला. असा 'शाह'चा 'स्काकुस' झाला. स्वित्झर्लंडमधील आइन्झीडेल्नच्या मठात दहाव्या शतकाच्या अखेरीची एक लॅटिन कविता जपून ठेवलेली आहे. युरोपातील या खेळाचा तो सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक, आणि त्यात खेळाचे नाव 'स्काकी' असे अनेकवचनी आहे. 'स्काकुस' या एकवचनाचा अर्थ तोवर राजापुरता राहिला नव्हता. पटावरची कोणतीही सोंगटी 'स्काकुस' होती आणि सगळ्या मिळून 'स्काकी'. इटालियन 'स्काक्की', जर्मन 'शाख', रशियन 'शाखमाती' हे सारे याच कुळातले.

लॅटिनपासून इंग्रजीपर्यंतचा टप्पा जुन्या फ्रेंचमधून जातो आणि तिथे दोन ध्वनिबदल झाले. पहिला बदल मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. 'स्क'ने सुरू होणारा शब्द उच्चारताना फ्रेंच माणूस आधी 'ए' लावी, जसे आपल्या बोलीत 'स्टेशन'चे 'इस्टेशन' होते. दुसरा बदल म्हणजे लॅटिनमधील 'का'चा फ्रेंचमध्ये 'चा' होणे. लॅटिन 'कामेरा' म्हणजे खोली. त्याचे फ्रेंचमधून इंग्रजीत 'चेंबर' झाले. कॅमेरा आणि चेंबर हे आज आपण वेगवेगळ्या वस्तूंसाठी वापरतो, पण शब्द एकच आहे. या दोन बदलांनी 'स्काकुस'चे जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्चेक' झाले आणि त्याचे अनेकवचन 'एस्चेस'. इंग्रजीने ते घेताना सुरुवातीचा स्वर गाळला. पुन्हा आपल्याच बोलीचे उदाहरण द्यायचे तर 'इस्टेशन'चे 'टेसन' व्हावे तसे. एकवचनाचे 'चेक' झाले, अनेकवचनाचे 'चेस'.

म्हणजे 'चेस' या शब्दाचा अक्षरार्थ 'राजे' असा होतो. त्यातला 'च' हा 'चतुरंग'मधला 'च' नाही. तो फ्रान्समध्ये 'क'पासून तयार झालेला 'च' आहे. 'चतुरंग'चा 'च' अरबीत शिरताना 'श' होऊन कधीच गेला होता, त्यामुळे त्या वाटेने तो इंग्लंडपर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते. शिक्षकांच्या वाक्याला मी प्रश्नचिन्ह का केले होते, त्याचे पुरे उत्तर इथे मिळाले, आणि त्यांनी ते मोकळ्या मनाने मान्य केले.

फ्रेंचांनी स्वतः अनेकवचनाचे 'एशेक' करून ठेवले. १९२४ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या 'फिडे' (FIDE) या फ्रेंच आद्याक्षरी नावातले शेवटचे 'E' याच 'एशेक'चे आहे.

बँकेचा चेक आणि चौकडीचा सदरा

एकदा हा धागा हाती आला की तो दूरवर जातो, आणि या प्रकरणात मला सर्वांत जास्त आनंद याच भागाने दिला. 'चेक' म्हणजे राजाला दिलेला शह. शह बसला की खेळणाऱ्याला बाकी सगळे थांबवून राजाकडे पाहावे लागते. त्यावरून 'चेक'ला थांबवणे, आवर घालणे आणि पुढे पडताळणे हे अर्थ आले. आपण मराठीत रोज 'चेक करून सांगतो' म्हणतो तो हाच.

दुसरी फांदी पटाची. लॅटिनमध्ये पटाला 'स्काकारियुम' म्हणत. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचे हिशेब ज्या मेजावर होत, त्याचे वर्णन खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकाच्या अखेरीस लिहून ठेवले आहे. दहा फूट लांब, पाच फूट रुंद मेज, त्यावर काळे कापड, कापडावर रेघांनी आखलेल्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांमधून पेन्स, शिलिंग, पौंड यांच्या हिशेबासाठी सरकवल्या जाणाऱ्या चकत्या. मेज बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते म्हणून त्या कचेरीला हे नाव पडले, असे तो सांगतो. आणि पटावर जशी दोन राजांची लढाई तशी या मेजावर खजिनदार आणि महसूल भरणारा अधिकारी यांची, अशी जोडही देतो. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणवला जातो. चौकडीच्या कापडाला 'चेक्स' म्हणतात तेही याच पटावरून, आणि बँकेच्या 'चेक'च्या इंग्रजी लिखाणावर या एक्सचेकरची छाया आहे. त्याचा अर्थ मात्र पडताळण्याच्या 'चेक'मधून आला, कारण मागे राहणाऱ्या अर्ध्या कागदावरून रक्कम पडताळता येई.

इंग्रजी कोशात 'चेस' या अक्षरांखाली आणखी दोन नोंदी दिसतात : गव्हाच्या शेतात माजणारे एक गवत, आणि तरत्या पुलावर टाकायच्या फळ्या. लिखाण सारखे असले तरी आपल्या खेळाच्या नावाशी त्यांचा संबंध नाही, म्हणून त्या आम्ही बाजूला ठेवल्या.

दूरचे नाते

शिक्षकांचा एक प्रश्न अजून शिल्लक होता. "'शाह' इराणी म्हणता, पण इराणी आणि संस्कृत या भाषा बहिणी ना? मग 'शाह'ची बहीण आपल्याकडे कोण?" हा प्रश्न मला सुचायला हवा होता, तो त्यांना सुचला.

प्राचीन इराणचा सम्राट दारयवहू (डेरियस) याच्या शिलालेखांतील प्राचीन पर्शियनमध्ये राजाला 'क्षायथिय' म्हटले आहे. झिजत झिजत त्याचा 'शाह' झाला. त्याचा धातू 'क्षाय', म्हणजे सत्ता चालवणे. वैदिक भाषेत 'क्षयति' हे क्रियापद याच अर्थाने आहे आणि 'क्षत्र', 'क्षत्रिय' हे शब्द त्याच मुळाचे. प्राचीन पर्शियनमध्ये राज्यरक्षकाला जो शब्द होता, त्याचे भारतीय रूप 'क्षत्रप'. नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेखांत क्षहरात घराण्यातील क्षत्रप नहपानाचे नाव कोरलेले आहे ते याच पदवीसह. त्यामुळे 'चेस' हा 'चतुरंग'चा वंशज नसला तरी 'क्षत्र'चा चुलतभाऊ आहे. पण चुलतभावाला मुलगा म्हणता येत नाही. 'चेस' संस्कृतमधून निघाला असे म्हणणे आणि 'चेस'च्या मुळाशी असलेला इराणी शब्द एका संस्कृत शब्दाचा भावकीतला आहे असे म्हणणे, यांत फरक आहे आणि तो स्मरणिकेत पुसला जाऊ नये असे मला मनापासून वाटत होते. आपल्या भाषेचे खरे नाते इतके लांबवर पोहोचत असताना तिच्या नावावर खोटे नाते मांडण्याचे कारण नाही.

आपण काय म्हणतो

मराठीने खेळाचे नाव यांपैकी कोणत्याच कुळातून घेतले नाही. 'बुद्धिबळ' हा सरळ संस्कृत समास आहे आणि त्याचा अर्थ सगळे 'बुद्धीची ताकद' असा करतात. तो चुकीचा नाही. पण अमरकोशात सेनेच्या पर्यायी शब्दांत 'बलम्' आहे, आणि जुन्या वळणाच्या मराठीत 'सोंगट्या खेळणे', 'गंजिफा खेळणे' तसे 'बुद्धिबळे खेळणे' असे अनेकवचन आहे. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की माझ्या मनाला दुसरा अर्थ अधिक पटतो : बुद्धीने लढवायची सैन्ये. हे माझे वाचन आहे आणि मी ते तेवढ्याच भाराने मांडतो. तसे असेल तर 'चतुरंग' शब्द सोडूनही मराठीने त्यातला सैन्याचा अर्थ राखला, आणि 'स्काकी', 'चेस' यांच्याप्रमाणेच सोंगट्यांच्या अनेकवचनावरून खेळाला नाव दिले.

नाव घरचे असले तरी पटावरची बोली मात्र इराणची. शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द फार्सीतून आले. 'शाह'चाच 'शह' झाला आणि त्याला आपण 'काट' जोडून 'काटशह' असा नवा शब्द घडवला. शह-काटशहाशिवाय आपल्या वर्तमानपत्रांचे राजकीय पान भरत नाही. 'मात' या शब्दाविषयी अभ्यासकांत दोन मते आहेत. अरबी 'माता' म्हणजे 'मेला', म्हणून 'शाह मात' म्हणजे 'राजा मेला', असे एक मत. फार्सी 'मात' म्हणजे निरुपाय झालेला, कुंठित, असे दुसरे. मला दुसरे बरोबर वाटते, कारण या खेळात राजा मारला जात नाही. त्याला हलायला जागा उरत नाही आणि तिथेच डाव संपतो. मराठीतही 'संकटावर मात केली' म्हणताना संकट मेले असा अर्थ नसतो, ते निष्प्रभ झाले असा असतो.

अखेर वाक्य बदलले. नवे वाक्य शिक्षकांनी स्वतः लिहिले : "हा खेळ भारतात 'चतुरंग' या नावाने उदयास आला आणि 'शतरंज' हे त्याच नावाचे इराण व अरबस्तानातून फिरून आलेले रूप आहे, इंग्रजी 'चेस' हा शब्द मात्र खेळातील राजाच्या 'शाह' या इराणी नावापासून लॅटिन आणि जुन्या फ्रेंचच्या वाटेने घडला." ते मूळ वाक्यापेक्षा तिप्पट लांब झाले आणि पान भरून वाहू लागले, तेव्हा त्यांनी लेखाच्या शेवटचा, विजेत्यांना शुभेच्छा देणारा परिच्छेद काढून टाकायला सांगितला.